नाशिकला नवं नाक आलंय

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वाण काय लुटलं, माहीत आहे? आधी बसा. पाणी घ्या. वाईनचे ग्लास! उंच दांडीचे, पोट सुटलेले, खोक्यात दोन-दोन. कपाळाला कुंकू, हातावर तिळगूळ, ओटीत बोरं-गाजर-उसाचे करवे आणि वर हे. मी आपली दरवर्षीप्रमाणे स्टीलचा डबा नाहीतर चहाची गाळणी मिळेल ह्या हिशेबाने गेले होते. खोकं उघडलं तेव्हा वाटलं, निरांजनावर ठेवायच्या काचा असतील. तसं म्हटलंही. काकू हसल्या, आणि त्या हसण्यात किंचित कीव होती. "अगं, हे रेडचे आहेत. व्हाइटचे वेगळे असतात. त्यांचं तोंड लहान असतं."

आणि ह्या काकू कोण? दहा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांच्या ऑफिसातले चौघे जेवायला आले होते, त्या रात्री "जिन्यात कसला तरी वास येतोय बाई" म्हणत प्रत्येक मजल्यावर उदबत्ती लावत खाली उतरल्या होत्या, त्याच! मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. नाक तयार होतं, फक्त त्याला काम मिळायचं होतं.

नाशिक हे नावच मुळात नाकावरून पडलं असं सांगतात. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं, म्हणून नासिक. ते कापलेलं नाक पुढे गेलं कुठे, हे कुणी विचारलं नाही. मी सांगते. ते गंगापूर रोडला राहायला आलंय. संध्याकाळ झाली की कुणाच्या ना कुणाच्या गॅलरीत ते ग्लासात बुडवलेलं असतं. मागच्या शनिवारी भिशीला गेले, तर चिठ्ठी काढायची सोडून दोघींचं चाललेलं, "नोज छान आहे, पण फिनिश लवकर संपतो." मी विचारलं, फिनिश संपतो म्हणजे काय? फिनिश म्हणजेच संपणं ना? दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मला बटाटेवडा दिला.

त्यात ती नावं! फ्रेंच लोक म्हणे शब्द लिहिताना पुरता लिहितात आणि बोलताना निम्मा गिळतात. पहिल्या वर्षी आमची अख्खी सोसायटी बिनदिक्कत 'चेनिन ब्लँक' म्हणत होती. मग कुणाचा तरी भाचा परदेशातून आला आणि जाताना सगळ्यांना बिघडवून गेला. आता 'शनँ ब्लाँ' म्हणायचं, तेही नाकातून, पडसं झाल्यासारखं. 'कॅबर्नेट सॉव्हिग्नॉन' असं स्वच्छ, अक्षर न् अक्षर लावून म्हणणाऱ्याकडे हल्ली इथे बघतात ते पाण्याला 'पानी' म्हणणाऱ्याकडे पुणेकर बघतात तसं. 'कॅबरने सॉव्हिन्याँ' म्हटलं की तुम्ही आपल्यातले. आमच्या धाकट्या दिरांनी बाटलीवर 'रोझे' वाचून दूध मागितलं. त्यांना वाटलं सरबताचा अर्क आहे. आणि 'ड्राय' हा काय प्रकार? ओल्या वस्तूला कोरडी म्हणायचं! ज्या वाईनमध्ये साखर उरलेली नाही, ती ड्राय. आणि ज्या दिवशी ड्रायच काय, कुठलीच मिळत नाही, तो ड्राय डे. ह्या भाषेत शुद्धीत राहून बोलणं अवघड आहे.

बरं, हे वेड सोसायटीपुरतं असतं तर मी कशाला बोलले असते? पण पाहुणेसुद्धा बिघडले हो. पूर्वी नाशिकला कुणी आलं की कार्यक्रम ठरलेला: रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वर, परत जाताना चिवडा. आता पुण्याहून माझी सख्खी मावशी, वय वर्षं एकाहत्तर, चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी, फोनवर म्हणते, "त्र्यंबक सकाळी लवकर उरकू. मिसळ खाऊ. आणि मग तुमच्याकडे ते आहे ना, द्राक्षांचं?" ते! नवऱ्याचं नाव घेतल्यासारखं ते! भूगोलही असा फितूर की त्र्यंबकला जायचं असो, नाही तर गंगापूर धरणाकाठच्या त्या वायनऱ्यांकडे, गाडी गावाच्या पश्चिमेलाच काढायची. एका फेरीत दोन्ही उरकतात. काकूंना कळलं तशा त्याही गाडीत येऊन बसल्या. "तुम्हाला समजावून सांगायला कुणीतरी नको का?"

रथसप्तमीच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट. सुला वायनरीच्या फाटकावर तो त्यांचा मिशीवाला सूर्य दिसला आणि मावशीने गाडीतूनच हात जोडले. मी म्हटलं, मावशी, ही कंपनीची खूण आहे. ती म्हणाली, "असू दे. मिशा असल्या म्हणून काय झालं, सूर्यनारायणच तो." मग काकूंनी त्यांचं निरूपण सुरू केलं. राजीव सामंत नावाचा मुलगा अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकला, कॅलिफोर्नियात मोठ्या कंपनीत लागला, आणि ते सगळं सोडून नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर आला. कॅलिफोर्नियाच्याच केरी डॅम्स्की नावाच्या वाईनवाल्याला हाताशी धरून त्याने फ्रेंच जातींचे वेल लावले, आणि २००० साली वायनरी सुरू केली. तोवर ह्या भागात द्राक्ष म्हणजे बहुतेक खायचं, नाही तर वाळवून बेदाणा करायचं. "आणि सुला हे नाव कुणाचं, माहितेय? त्याच्या आईचं. सुलभा."

गाडीत शांतता पसरली. आईचं नाव. बाटलीवर! लोक आईच्या नावाने पाणपोई घालतात, शाळेला खोली बांधून देतात, फार तर बंगल्याला 'मातृछाया' म्हणतात. मला वाटलं, मावशी आता गाडी वळवायला सांगणार. तिने पर्समधून फोन काढला आणि पुण्याला मुलाला लावला. "बघ, लोकांची मुलं आईसाठी काय काय करतात. तुझ्या दारावरच्या पाटीवर माझं नाव आहे का रे?"

(शेजारच्या यॉर्क वायनरीचं नाव इंग्लंडातल्या गावावरून असेल अशी माझी समजूत होती. तर ती तिथल्या मालकांच्या तीन मुलांच्या नावांतली अक्षरं निघाली. ती वायनरीही २०२१ मध्ये सुलानेच घेतली. मला वाटलं होतं, परदेशी नावं लावणारी माणसं घरादाराला विसरलेली असतात. इथे बघावं तर प्रत्येक बाटलीत कुणाचं तरी बारसं. ते अकलूजचं फ्रातेल्ली घ्या. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. इटलीचे दोन, दिल्लीचे दोन आणि अकलूजच्या मोहिते-पाटलांच्या घरातले दोन, अशा भावांच्या तीन जोड्यांनी मिळून उसाच्या मुलखात वाईन काढली. आमच्याकडे दोन सख्खे भाऊ एका बांधाला पाणी सोडायचं म्हटलं तरी तलाठ्याला मध्ये घालतात. सहा भाऊ एका पिंपात! ह्याला मी तरी चमत्कारच म्हणते.)

आम्ही 'चाखायला' बसलो ती जागा कुठली, ते सांगत नाही. तिथल्या लोकांची चूक काहीच नव्हती, आमचीच शोभा झाली. लांब टेबल, प्रत्येकापुढे पाच-सहा ग्लास, आणि समजावून सांगायला गिरणाऱ्याकडचा एक गोड मुलगा. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मुंबईचं तरुण जोडपं. ती मुलगी इतकी बारीक की ग्लासाची दांडी आणि ती एकाच साच्यातली वाटावी. मुलगा म्हणाला, आधी बघायचं, मग फिरवायचं, मग हुंगायचं, मग घोट घेऊन तोंडात घोळवायचा. मावशी म्हणाली, "म्हणजे आचमनासारखंच की." आणि शेवटी, तो म्हणाला, नको असेल तर इथे टाकायचं. टेबलावर एक भांडं होतं. मावशीचा चेहरा उजळला. "पिकदाणी! आमच्या आजोबांकडे पितळेची होती." मग एकदम गंभीर होऊन माझ्या कानाशी, "पण पैसे भरलेत ना आपण? मग थुंकायचं कशाला?"

पहिला ग्लास सॉव्हिन्याँ ब्लाँचा. पांढरी म्हणतात, पण रंग ताकाच्या निवळीसारखा. मुलाने विचारलं, कसला वास येतोय? मुंबईची मुलगी म्हणाली, "सिट्रस. ट्रॉपिकल." तिचा नवरा म्हणाला, "ग्रीन." काकूंनी डोळे मिटले आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मावशीने नाक घातलं, बाहेर काढलं आणि भाजीवाल्याला सांगावं तशा स्वरात म्हणाली, "ढोबळी मिरची. चिरून आतलं बी काढताना येतो ना, तो वास."

तो मुलगा थांबला. म्हणाला, "आजी, हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं होतं का?" मग त्यानेच समजावलं की ह्या जातीच्या द्राक्षात पायराझिन नावाचा एक पदार्थ असतो आणि ढोबळी मिरचीचा वासही त्याच कुळातल्या पदार्थाचा. द्राक्ष जितकं लवकर तोडाल तितका तो वास जास्त. आता सगळं टेबल मावशीकडे बघायला लागलं. शिराझ आली. काळपट लाल, ग्लासाच्या कडेला जांभळी. मावशी म्हणाली, "मिरी. पण आज कुटलेली नाही. डब्यात राहिलेली." हेही बरोबर! मिरीला जो वास देतो तोच पदार्थ शिराझच्या सालीत असतो. काकूंनी डोळे उघडले. त्यांनी दोन वर्षं गॅलरीत बसून जे नाक कमावलं होतं, ते गोडा मसाला करणाऱ्या एका बाईने अर्ध्या तासात मागे टाकलं. अहो, जी बाई चाळीस वर्षं दगडफूल आणि नागकेशर वासावरून निवडते, तिला 'ब्लॅक पेपर नोट्स' शिकवायला कोण निघालंय!

पुढे मात्र मुलगा घसरला. एका जुन्या रेडबद्दल म्हणाला, हिच्यात चामड्याचा वास आहे, तंबाखूचा आहे. मावशीने ग्लास खाली ठेवला. "चामडं? मग चपला बाहेर काढल्या त्या कशाला?" (होय, तिने काढल्या होत्या. दारातच. कुणी सांगितलं नव्हतं.) मग टॅनिनवर गाडी आली. मुलगा हातवारे करत होता, जीभ कोरडी होते, हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात. मुंबईकर टिपून घेत होते. मावशी म्हणाली, "तुरट म्हण की रे, बाळ." आता ह्यावर काय बोलणार? आपल्याकडे षड्रसांत त्याला मानाचं पान आहे. आवळा, कच्चं जांभूळ, सुपारी, कोरा चहा, सगळं जिभेवर ठेवून आपण मोठे झालो, आणि इथे हजार-बाराशेची बाटली फोडून तोच तुरटपणा इंग्रजीतून शिकायचा. लाल वाईन तुरट का आणि पांढरी का नाही, हे मात्र मला त्या दिवशीच कळलं. तुरटपणा सालीत आणि बियांत. पांढरीसाठी आधी रस पिळून घेतात, मग आंबवतात. लालसाठी सालीसकट आंबवतात. रोझेला सालीशी काही तासांचीच ओळख ठेवायची, रंग आला की दूर करायचं. चारचौघांत ठरवलेल्या कांदेपोह्यांसारखं.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ही तुमच्यापुरती ठेवा. सहा ग्लासांपैकी टेबलावरच्या प्रत्येकाचा रिकामा झाला तो एकच. शेवटचा. लेट हार्वेस्ट शनँ. ह्यात द्राक्ष वेलावर नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवतात. ते सुरकुततं, पाणी उडतं, साखर घट्ट होते. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करत जातं, पण सगळी साखर त्याला खाऊ देत नाहीत. मध्येच गार करून झोपवून टाकतात. उरलेली साखर आपली. मधासारखी, जर्दाळूसारखी, थोडी आंबट, म्हणून किळस न येता गोड. मुंबईची बारीक मुलगी ग्लास उलटा करून थेंब बघत होती. मावशी म्हणाली, "ही बरी आहे हो." आणि काकू? काकूंनी ती घुटकाभर घेतली आणि जाहीर केलं, "गोड वाईन म्हणजे बिगिनर्सची. माझं पॅलेट आता ड्रायकडे गेलंय."

ह्या गावातला खरा लफड्याचा विषय दारू नाहीच मुळी. तो आहे गोड. 'मी पितो' हे आता सगळे सांगतात, संक्रांतीला सुवासिनीसुद्धा सांगतात. 'मला गोड आवडते' हे सांगायची कुणाची छाती नाही. श्रीखंडावर वाढलेली, आमटीत गूळ घालणारी, आंबरसात साखर घालून वर तूप सोडणारी माणसं आपण! दुकानात जाऊन पाहा, ओळखीचा वाईनवाला खरं सांगेल: स्वस्तातली गोड पोर्ट काउंटरवरून कशी उडते ते. गोव्याहून येणारा प्रत्येक मराठी माणूस बॅगेत टॉवेलात गुंडाळून पोर्टच आणतो, काजूच्या पाकिटांच्या खाली. पण दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात पुढे कोण उभं? तर ड्राय रिझर्व्ह, लेबल पाहुण्यांकडे करून. काउंटरवर बिल करताना काकूंनी सगळ्यांदेखत एक भारीची शिराझ घेतली. मग मी चपला घालायला वाकले तेवढ्यात एक छोटी बाटली, पावणेचारशे मिलिलिटरची, पिशवीत गेली. मी पाहिलं. त्यांनी पाहिलं की मी पाहिलं. "सुनेसाठी," त्या म्हणाल्या. सून टोरंटोला असते.

तसलीच एक शिराझ आमच्याही घरी आली. तिच्या लेबलावर 'दिंडोरी' लिहिलेलं. आमच्या सासूबाईंनी ती टेबलावर पाहिली आणि त्यांना भरून आलं. त्यांच्या लेखी दिंडोरी म्हणजे स्वामी समर्थांचं केंद्र. त्यांना वाटलं, तीर्थ आणलंय. त्या चमचा आणायला उठल्या! मी कसंबसं समजावलं, तर म्हणाल्या, "शोभतं का हे, देवाच्या गावाचं नाव?" ह्यांनी तेवढ्यात त्यांच्याच कपाटातली द्राक्षासवाची बाटली काढली आणि चष्मा लावून लेबलावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली: स्वयंजनित अल्कोहोल. द्राक्षं, गूळ, धायटीची फुलं, महिना-दीड महिना बंद भांड्यात. दुसरं काय करतात वायनरीत? सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ते औषध आहे. चमच्याने घेतात." आणि घेतलं, दोन चमचे, समभाग पाण्याबरोबर. तेव्हा हिशेब असा दिसतो: चमच्याने घेतलं की औषध, पेल्याने घेतलं की व्यसन, दांडीच्या ग्लासाने घेतलं की संस्कृती.

सरकारचाही घोळ हाच. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण काढलं, विंचूरला वाईन पार्क केलं, करांत सवलती दिल्या, शेतकऱ्याला म्हणाले लावा. आणि जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन ठेवायला हो म्हटलं, तर केवढा गहजब! 'मद्यराष्ट्र' हा शब्द तेव्हाच घरोघरी पोचला. राळेगणहून अण्णांनी उपोषणाचा इशारा दिला. दुसऱ्या बाजूने सांगितलं गेलं, वाईन म्हणजे दारू नव्हेच. मग काय आहे, ते कुणी सांगेना. आमच्या किराणावाल्याच्या फळीवर अजून तरी हिंग आणि उदबत्तीच आहे. काकू त्या वेळी दोन्ही बाजूंच्या सह्या गोळा करत होत्या, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही.

पण हे वेड काल-परवाचं आहे असं समजू नका. आमच्याही आधी, १९८०च्या दशकात, पुणे जिल्ह्यात नारायणगावला शामराव चौगुल्यांच्या इंडेजने फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाईन काढली आणि ओमर खय्याम नावाने परदेशी पाठवली. नारायणगाव! तमाशाची पंढरी! ढोलकी तिथलीच आणि बुचाचा 'फट्' आवाजही तिथलाच. पुढे ती कंपनी कर्जात बुडाली, तो वेगळा तमाशा. अशा वाईनला शॅम्पेन मात्र म्हणायचं नाही हं. फ्रान्समधल्या शाम्पान्य प्रांतात झाली तरच शॅम्पेन. आमच्या येवल्याच्या पैठणीवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांचंही तेच भांडण आहे. फ्रान्सचे शँदाँवालेसुद्धा दिंडोरीला येऊन बाटलीतल्या बाटलीत दुसऱ्यांदा आंबवतात, बुडबुडे तसेच आणतात, आणि मुकाट्याने 'स्पार्कलिंग' लिहितात. इकडे 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. म्हणजे उद्या कुणी दुसऱ्या गावची बाटली नाशिकची म्हणून खपवली, तर आमच्या नावाची अब्रू जाईल. दारूच्या बाबतीत गावाची अब्रू जाण्याचा हा प्रकार मी पहिल्यांदाच ऐकला.

ह्या सगळ्यात ज्याने बोलायला हवं तो बोलतच नाही. माझा मामा, निफाडकडचा. तीस वर्षं द्राक्षबाग. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी. वेल वर्षातून दोनदा कापायचा आणि पीक एकदाच. युरोपात वेल थंडीत झोपतो आणि तोडणी सप्टेंबरात. आपल्याकडे थंडीत माल भरतो आणि जानेवारी ते मार्च तोडणी. मामाला ह्याचं कौतुक नाही. त्याला डावणी, भुरी, निफाडचा पारा आणि अवकाळी पाऊस एवढीच चार नावं झोपेत येतात. धोरणाच्या लाटेत त्यानेही दोन एकर वाईनची द्राक्षं लावली होती, करार करून. बारीक मणी, जाड साल, आत बिया. बाजारात नेली तर कुणी हुंगणार नाही. घ्यायची तर वायनरीनेच घ्यायची. २००८च्या मंदीनंतर ती घेईनाशी झाली. ज्यांनी करार केला, त्यांचा फोन लागेना. बाग सुकली नाही, चांगली लगडली होती. तीच तर पंचाईत. पुढच्या हंगामाआधी मामाने जेसीबी लावून उपटून टाकली आणि परत खायची थॉमसन लावली. अशा कितीतरी बागा तेव्हा निघाल्या. त्या दोन एकरांतून निघालेल्या वाईनचा थेंबसुद्धा त्याच्या तोंडाला लागला नव्हता. वर्षांमागून वर्षं गेली, आम्हालाही विचारायचं सुचलं नाही.

तर मार्चच्या शेवटच्या रविवारी काकूंनी गच्चीवर 'टेस्टिंग' ठेवलं. चीज, बिस्किटं, बाजूला मखाणे, कारण अर्धी सोसायटी उपासाची. ऊन अडतीसच्या घरात. काकू सांगत होत्या, रेड नेहमी रूम टेंपरेचरला द्यायची. आता हे रूम म्हणजे फ्रान्समधली दगडी भिंतींची, सोळा-सतरा अंशांची खोली. गंगापूर रोडची गच्ची नव्हे. सगळे घाम पुसत, कोमट शिराझ तोंडात घोळवत 'वा' म्हणत होते. तेवढ्यात मामा आला. बागेतली पेटी द्यायला. धोतरटोपी नाही हं, पँट-शर्ट, पण बुटाला तांबडी माती. काकूंनी मोठ्या मनाने त्याच्या हातात ग्लास दिला. "घ्या, शेतकरीदादा. ओळखा बरं, कुठलं द्राक्ष?"

मामाने फिरवला नाही. उन्हाकडे धरला, एक लहान घोट घेतला. "शिराझ," तो म्हणाला. "उशिरा तोडलीय." मग बाटली उचलून उलटी केली, किमतीचा छापा वाचला. सव्वा किलोच्या आसपास द्राक्षांत एक बाटली होते, हे त्याला पाठ आहे. ओठ हलले, हिशेब झाला, काही बोलला नाही. बाटली खाली ठेवली, मखाण्यांशेजारच्या बादलीतून बर्फाचे तीन खडे उचलले आणि ग्लासात टाकले. टुबुक, टुबुक, टुबुक.

गच्ची गप्प. उपासवालेसुद्धा थांबले. जिन्यात उदबत्त्या लावत उतरलेल्या आमच्या काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो मामा, हे काय केलंत! रेडमध्ये बर्फ! खाली बी विंगचे बघतायत, लोक काय म्हणतील?"

मामाने घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "लोकांचं राहू द्या, ताई. ही तुरट आहे. गोडातली नाही का एखादी?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पेटीतल्या द्राक्षांकडे पाहिलं. मग त्या काही न बोलता जिना उतरून खाली गेल्या, आणि त्यांच्या फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला, मग ताकाचं पातेलं सरकवल्याचा.